एमिल ह्राबचाकची घरपट्टी

कोल्टर्स रन गावात कुणी शाळेचा विषय काढला की एमिल ह्राबचाक आधी टोपी काढायचा आणि डावा कान दाखवायचा. कान बाहेरून धड होता, आतून मेलेला. तेरा वर्षांचा असताना सुतारकामाच्या मास्तरांनी भिंतीवर टांगलेल्या लाकडी फळीने त्याला झोडपलं होतं. फळी पाठीवर बसायची, ती एमिल वळला म्हणून कानावर बसली. रक्त मानेवरून शर्टात उतरलं. मास्तर म्हणाले, रंधा जागेवर ठेव आणि तोंड धुऊन ये. घरी गेल्यावर बापाने, शाळेत मार खाऊन आलास म्हणून, दुसऱ्या बाजूने आणखी दोन ठेवून दिल्या. सोळा पूर्ण झाले त्या दिवशी एमिलने शाळा सोडली, आणि जाता जाता मास्तरांच्या गाडीच्या चारही काचा फोडून गेला.

पुढची एक्केचाळीस वर्षं तो कत्तलखान्यात होता. बैल चिंचोळ्या पिंजऱ्यात यायचा, एमिल कपाळाला यंत्र टेकवून खटका दाबायचा, बैल गुडघ्यांवर बसायचा आणि दुसरा आत यायचा. श्याऐंशीच्या संपात मालकांनी बाहेरून माणसं आणली, तेव्हा त्यांच्या बसमध्ये चढून एमिलने ड्रायव्हरचा जबडा मोडला आणि एकोणीस दिवस तुरुंगात काढले. पेन्सिल्व्हेनियाच्या या डोंगरांत अशा गोष्टींनी माणसाचं नाव खराब होत नाही. उलट हरणांच्या शिकारीचे दिवस आले की अर्धं गाव आपलं हरीण एमिलच्या शेडमध्येच सोलायला टांगायचं. हात जड आहे पण सुरी हलकी चालते, असं लोक म्हणायचे.

प्रेमाने केलेली एकच गोष्ट त्याच्या नावावर होती, ती म्हणजे घर. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी खपून, तीन वर्षांत, त्याने ते स्वतःच्या हातांनी उभं केलं. लोरेटा फळी धरायची, तो खिळा ठोकायचा. चार वर्षांनी मागच्या बाजूला पूर्वेकडे खिडक्या असलेली आणखी एक खोली काढली, होणाऱ्या मुलासाठी. मूल झालं नाही. दहा वर्षं वाट बघून लोरेटाने तिथे शिवणाचं मशीन आणलं आणि चर्चच्या विक्रीसाठी ती गोधड्या शिवायला लागली. त्या खोलीबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

लोरेटा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. सव्वीस वर्षं तिने गावातल्या पोरांना सूप वाढलं, आणि निवृत्त झाल्यावर तिला शाळेचीच पेन्शन लागली. एमिल शाळेला शिव्या घालायला बसला की ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसायची आणि काय बोलायचं ते तिकडून बोलून घ्यायची. त्यांचा संसार इतकी वर्षं टिकला तो बहुतेक या बसण्यामुळेच.

आमच्याकडे शाळा चालते ती घरपट्टीवर. कोळसा संपला, कत्तलखाना बंद पडला, मग पट्टी लावायला उरलं काय, तर म्हाताऱ्यांची घरं. एक जुलैला बिल येतं. ऑगस्टअखेर भरलं तर दोन टक्के सूट. भरायचं बर्निस श्लेगलच्या घरी, कारण वसुलीसाठी गावाने मतं देऊन तिलाच निवडलंय, तेही पाच वेळा. काच लावून बंद केलेल्या आपल्या ओसरीत ती मंगळवारी आणि गुरुवारी बसते आणि टेबलावरच्या मांजराला बाजूला सारून पावती फाडते. ती एमिलच्या वर्गातली.

"घराचं कर्ज मी एक्क्याण्णव साली फेडलं," एमिल दर वर्षी तिला म्हणायचा. "घर माझं असेल तर हे भाडं मी कुणाला देतो गं?"

"शाळेला. बिलावर लिहिलंय."

"कमावत होतो तोवर दिलं. आता कमाई थांबली, मग पट्टी का थांबत नाही? ज्यांची पोरं, त्यांनी भरावं."

"तुझ्या-माझ्या शिक्षणाचे पैसे कुठल्या तरी म्हाताऱ्यानेच भरले होते, एमिल."

"मग त्या म्हाताऱ्याला फसवलं त्यांनी. मला शिक्षण नाही, फळी मिळाली."

बर्निस पावती फाडायची. खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं सगळंच वेडेपणाचं नव्हतं, आणि गावातले निम्मे पांढरे केस त्याच्याच बाजूचे होते. पेन्शन जिथल्या तिथे आणि पट्टी दर वर्षी एक पायरी वर. पण बाकीचे म्हातारे कुरकुरत भरायचे आणि घरी जाऊन बेसबॉल बघायचे. एमिलला कुरकुरणं जमत नसे. त्याच्याकडे रागाचं एकच माप होतं आणि ते मोठं होतं.

शाळेच्या छपरासाठी पट्टी वाढवायची म्हणून सभा बोलावली, त्या दिवशी व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. एमिलने आपली तीन मिनिटं कान दाखवण्यात आणि भाड्याचा प्रश्न विचारण्यात घालवली. टाळ्या बऱ्याच पडल्या. मग ब्रॉडी मॅटिस उठला. तिशीचा, तीन पोरांचा बाप, बायको-पोरांसह सासूच्या तळघरात राहणारा.

"आजोबा," तो म्हणाला, "परवडत नसेल तर घर विका. आम्हाला पोरं घेऊन राहायला जागा मिळत नाही, आणि तुम्ही दोघं सहा खोल्या अडवून खोकत बसलाय. माझ्या पोराच्या वर्गात बादल्या ठेवल्यात गळतीला. तुम्ही मरायची वाट बघायची का आम्ही?"

एमिल शांतपणे त्याच्याकडे चालत गेला. जाता जाता त्याने एक खुर्ची मिटली, दोन्ही हातांत धरली आणि ब्रॉडीच्या तोंडावर मारली. ब्रॉडी पडल्यावर आणखी एकदा मारली. दोन दात लाकडी जमिनीवर उडून सभापतींच्या टेबलाखाली गेले. चार माणसांनी एमिलला खाली दाबून धरलं, आणि त्यातल्या एकाच्या अंगठ्याचा तो चावा घेत होता तेव्हा लोरेटा पुढे येऊन म्हणाली, "एमिल, पुरे." त्याने अंगठा सोडला. लोरेटाचे हे दोन शब्द त्याला ऐकू येत. कोणत्याही बाजूने म्हटले तरी येत.

न्यायाधीशांनी दंड केला, दातांचा खर्च लावला आणि शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही असा हुकूम दिला. दंडापेक्षा एमिलच्या डोक्यात राहिला तो खोल्यांचा हिशोब. तो कचेरीत गेला आणि त्याने आपल्या घराचं आकारणीचं कार्ड मागून घेतलं. त्यावर सगळं वेगवेगळं मांडलेलं होतं. ओसरीचे इतके, गॅरेजचे इतके, दुसऱ्या बाथरूमचे इतके, मागच्या खोलीचे इतके. एमिल ते कार्ड गाडीत बसून तासभर वाचत होता.

आकारणीवाल्याला फसवणं हा आमच्याकडे जुना धंदा आहे. कुणी बाहेरच्या भिंतीला वीस वर्षं शेवटच्या फळ्या ठोकत नाही, म्हणजे घर अपुरं दिसतं. कुणी तपासणीच्या दिवशी तळघरातला कमोड उचलून गोठ्यात नेऊन ठेवतो. पण हे सगळे कमोड परत आणणारे लोक. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक खरोखर कापणारा आम्ही एकच पाहिला. जे नाही त्यावर पट्टी नाही, हे एमिलला पटलं, आणि एप्रिलच्या एका सकाळी त्याने घण उचलला.

आधी ओसरी गेली. खांबांना पहार घालून त्याने ती पिकअपला साखळीने बांधली आणि ओढली. ओसरीबरोबर पुढच्या भिंतीचा एक तुकडाही आला, तिथे त्याने प्लायवूड ठोकलं. मग गॅरेज पाडलं. मग खालचं बाथरूम. टब घणाने फोडून त्याचे तुकडे त्याने खिडकीतून बाहेर फेकले आणि बेसिन मुळासकट उपटलं. पाण्याचा फवारा छताला लागला तरी फरशा फोडत राहिला. लोरेटाचे दोन्ही गुडघे गेलेले होते. आता तिला प्रत्येक वेळी तेरा पायऱ्या चढून वर जावं लागे.

"मी चढते," ती म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. मागच्या खोलीला हात लावायचा नाही."

"ती सगळ्यात महाग आहे."

"म्हणूनच सांगते."

एमिलने डावा कान तिच्याकडे केला. त्या दिवसापासून त्या घरात प्रश्न एकच होता, घर आधी संपतं की लोरेटाचा धीर.

आकारणीचा माणूस, डेल वेंगर, येऊन बघून गेला. नाही-नाही करत त्याने तीन ओळींवर काट मारली. बिल उतरलं. एमिल ते घेऊन गावभर फिरला. पण पुढच्या वर्षी जूनमध्ये शाळेने दर वाढवला आणि पुढचं बिल जवळजवळ होतं तिथे आलं. घर दोन्ही अंगांनी सोललेलं आणि पट्टी तेवढीच.

"बघ," लोरेटा म्हणाली, "आता तरी थांब."

"आता थांबलो तर ते जिंकले."

डिसेंबरात शाळेच्या शिक्क्याचा लिफाफा आला. तो दर डिसेंबरात यायचा, आणि दर डिसेंबरात एमिल तो न उघडता कोळशाच्या शेगडीत घालायचा.

"उघडून बघ तरी काय आहे."

"मला ठाऊक आहे काय असतं. हात पसरलेला असतो."

वर्ष गेलं. पुढच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी, शिकारीसाठी शाळेला सुट्टी होती. गाव डोंगरात गेलं होतं आणि पहाटेपासून बंदुकांचे बार ऐकू येत होते. इतक्या वर्षांत प्रथमच एमिलने शेड उघडली नाही. नाश्ता झाल्यावर तो पहार आणि घण घेऊन मागच्या खोलीत गेला. लोरेटा तिथे आधीच बसली होती. अंगात कोट, डोक्याला रुमाल, मांडीवर गोधडी.

"उठ."

"नाही उठत."

"छप्पर काढतोय. डोक्यात पडेल."

"पडू दे. डोकं कुणाच्या कार्डावर नाही."

एमिल शिडी लावून वर चढला. त्याला वाटलं, पहिला पत्रा उचकटला की ती आत जाईल. पत्रे गेले, ती बसून राहिली. मग त्याने वासे कापले. एक वासा तिच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर आदळला आणि शिवणाच्या मशीनचे दोन तुकडे झाले. लोरेटाने टाका ओढून घेतला. डोंगरात कुणी तरी लागोपाठ तीन बार काढले.

"वेडी आहेस का तू?" तो वरून ओरडला. "शाळेसाठी मरणार आहेस?"

"शाळेसाठी कशाला मरू? माझ्या खोलीत बसलेय." मग सुईत दोरा ओवत ती म्हणाली, "आणि शाळेचं म्हणशील तर ऐक. पट्टीतले निम्मे पैसे माझ्या पेन्शनमधून जातात. पेन्शन मला शाळा देते. म्हणजे शाळाच शाळेला पैसे देते. तू मध्ये कुठे आहेस रे, एमिल?"

हे त्याला लागलं. तो शिडीवरून उतरला आणि त्याने खिडक्यांवर घण घातला. पूर्वेच्या तिन्ही खिडक्या चौकटींसकट आत आल्या. काचेचा एक तुकडा लोरेटाच्या भुवईला आणि डोळ्याच्या कडेला लागला आणि कातडी उघडली. रक्त डोळ्यात गेलं, गालावरून गोधडीवर ठिबकायला लागलं. एमिल घण धरून उभा राहिला. एवढ्या जन्मात त्याने लोरेटाच्या अंगाला कधी बोट लावलं नव्हतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"उठ," तो म्हणाला, आणि या वेळी ती विनवणी होती.

"तू मार. तुला दुसरं काही येतं का? मास्तरने तुला मारलं, तू साठ वर्षं सगळ्यांना मारतोयस. बैल संपले म्हणून घराला घेतलंस." तिने बाहीने डोळा पुसला. "एमिल, पुरे."

ते शब्द त्याला ऐकू आले. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्याने ते ऐकूनही न ऐकल्यासारखे केले. त्याने पहार उत्तरेच्या भिंतीत घातली. ती पडल्यावर पूर्वेची पाडली, मग दक्षिणेची. पडणारी प्रत्येक भिंत त्याने तिच्यापासून बाहेरच्या बाजूला ढकलली, इतकी शुद्ध त्याला होती, आणि पुढे स्वतःची बाजू मांडताना तो हीच एक गोष्ट सांगायचा. दुपारी तीनपर्यंत त्या जागी एक लाकडी जमीन उरली, तिच्यावर एक खुर्ची आणि खुर्चीत रक्ताने माखलेली बाई. बर्फ भुरभुरायला लागला होता. शिकारीहून परतणारे दोन पिकअप रस्त्यावर थांबले, आणि पुढे निघून गेले.

लोरेटाने टाका संपवला, दोरा दाताने तोडला आणि उठली. वर जाऊन तिने तोंड धुतलं, भुवईला पट्टी लावली आणि एक बॅग भरली. खाली यायला तिला वेळ लागला.

"रात्रीसाठी कोबीच्या पानांतला खिमा ठेवलाय. गरम करून घे."

"कुठे चाललीस?"

"बहिणीकडे. तुझ्या घरात शाळेचा पैसा नको ना तुला? घेऊन जाते."

"लोरेटा, शेवटचीच खोली होती ही. आता बास."

"होय," ती म्हणाली. "मलाही बास." ती गाडी काढून गेली. डोळ्याच्या कडेला टाके पडले, तो डोळा नीट बरा झाला नाही असं पुढे कळलं. ती परत आली नाही. एमिलने बहिणीकडे दोनदा फोन केला. दोन्ही वेळा बहिणीने त्याचा आवाज ऐकला आणि फोन ठेवला.

जुलै आला. गुरुवारी सकाळी एमिल बर्निसच्या ओसरीत गेला. दाढी वाढलेली, शर्ट मळका. त्याने बिल टेबलावर आपटलं, कारण आपटायची सवय होती.

"तीनशे चाळीस उतरले," तो म्हणाला. "खोलीचे."

बर्निसने बिल पाहिलं. मग चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

"एमिल, तू तो अर्ज कधीच का भरला नाहीस?"

"कसला अर्ज?"

"राहत्या घराच्या सवलतीचा. ज्यांनी भरला नाही त्यांना शाळा दर डिसेंबरात पाठवते. एक पान आहे. नाव, पत्ता, सही. मला वाटायचं, तू मुद्दामच भरत नाहीस, तुझा मान म्हणून."

"किती सूट?"

"चारशे दहा. दर वर्षी." बर्निसचा आवाज खाली आला. "पासष्टच्या वरच्यांना सरकारकडून वेगळे परत मिळतात, ते निराळेच."

मांजर बिलावर येऊन बसलं. एमिलने त्याला मानेला धरून उचललं आणि भिंतीवर फेकलं. मांजर किंचाळत कपाटाखाली गेलं.

"चालता हो," बर्निस म्हणाली. साठ वर्षं ओळखत असलेल्या माणसाला ती हे प्रथमच म्हणत होती. "मला तुझी कीव येत होती रे. आता तीही येत नाही. पैसे पोस्टाने पाठव."

तो घरी आला. घरी म्हणजे प्लायवूडच्या भिंतीमागे उरलेल्या स्वयंपाकघरात आणि वरच्या दोन खोल्यांत. मागच्या दारातून उघडी लाकडी जमीन दिसत होती. तिच्यावरची खुर्ची त्याने अजून हलवली नव्हती, पावसाने तिची बैठक फुगून फाटली होती. चारशे दहा, तो मोठ्याने म्हणाला. मग तीनशे चाळीस म्हणाला. हिशोब अवघड नव्हता. खोली ठेवली असती, सही केली असती, तर जास्त वाचलं असतं. आणि कुणी तरी जेवायला हाकही मारली असती.

थोड्या वेळाने त्याने घण उचलला आणि तेरा पायऱ्या चढून तो वर गेला. दोघांच्या झोपायच्या खोलीत पलंगावर अजून तिचीच गोधडी होती. एकट्या माणसाला दोन खोल्या कशाला, असं तो पुटपुटला, पण ते त्याला स्वतःलाच पटलं नाही. त्याने पहिला घाव पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर घातला. चुना सगळ्या गोधडीवर पडला. तो थांबला आणि जिन्याकडे तोंड करून उभा राहिला.

जिन्यावर कुणी नव्हतं. 'पुरे' म्हणणारं या घरात आता कुणी नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं, आणि ते कळल्यावर करण्यासारखं दुसरं काही त्याला येत नव्हतं. त्याने दुसरा घाव घातला, मग तिसरा. शेजारचे सांगतात, संध्याकाळपर्यंत आवाज येत होता.